पाठीवरचा हात

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी भाची पुण्याहून आमच्या सुरगाण्याच्या स्टँडवर उतरली, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर, हातपायही न धुता, तिने विचारले, "मामा, 'एन्करेज' करणे म्हणजे तुम्ही नेमके काय करता हो?"

मी शाळामास्तर. तेहतीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवून घरी बसलेला. या क्रियापदाचा अर्थ मी किती वर्गांना सांगितला असेल, त्याची मोजदाद नाही. तेव्हा सवयीने म्हणालो, "उत्तेजन देणे, प्रोत्साहन देणे. हवे तर वहीत लिहून घे."

"तेच तर लिहिता येत नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून एक चोपडी काढून तिने माझ्यापुढे टाकली.

भाचीचा व्यवसाय थोडा निराळा आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती आधी जर्मन शिकली, मग रशियन. आणि आता इंग्रजी मजकूर या दोन भाषांत उतरवून देण्यावर तिचे पोट आहे. चोपडी होती लहान मुलांच्या खेळण्याच्या साहित्याबरोबर द्यायची. चढायची शिडी, तोल सांभाळायची फळी, असले काहीतरी. आईबापांनी काय करावे, काय करू नये, हे तीत सांगितले होते आणि दर पानावर हे क्रियापद ठाण मांडून बसले होते. मूल पडले तर पुन्हा चढण्यास त्याला एन्करेज करावे. चांगल्या सवयींना एन्करेज करावे. ढकलाढकलीला मात्र एन्करेज करू नये.

"यात अवघड ते काय?" मी म्हटले. "पहिल्या ठिकाणी धीर द्यावा. दुसऱ्या ठिकाणी उत्तेजन द्यावे. तिसऱ्या ठिकाणी थारा देऊ नये."

ती हसली. "म्हणजे तुम्हालाही एक शब्द पुरला नाही. तीन लागले. मला दोन भाषांत मिळून सहा लागताहेत, आणि मालक विचारतात, मूळ शब्द एकच असताना तुम्ही निरनिराळे का वापरता?"

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे ओट्यावर बसलो. आमच्या भागात हा दिवस वाघबारसेचाही असतो. पाड्यापाड्यांवर गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरांना सांभाळ म्हणून विनवतात. आता वाघ फारसा कोणी पाहिलेला नाही. पण ज्याची भीती वाटते त्याला दडवून न ठेवता गावाच्या वेशीवर देव म्हणून उभा करायचा, ही रीत काही मोडलेली नाही. असो. भाची बोलत होती आणि मी ऐकत होतो, हा आमच्या घरातला उलटा प्रकार त्या रात्री प्रथमच घडला.

ती म्हणाली, इंग्रजी शब्दाच्या पोटात हृदय आहे. लॅटिनमधला हृदयवाचक शब्द फ्रेंचमधून फिरत फिरत तिथे आला. म्हणजे समोरच्याच्या अंगी हृदय घालणे. जर्मनाला हेच सांगायचे तर 'एर्मूटिगन' म्हणावे. त्यात 'मूट' म्हणजे धैर्य. पण त्याच्याजवळ आणखी एक शब्द आहे, 'एर्मुन्टर्न'. 'मुन्टर' म्हणजे जागा, टवटवीत. रशियनाचा 'अबद्र्यात' हाही असाच. 'बोद्री' म्हणजे जागा, ताजातवाना. घाबरलेला माणूस जणू झोपेत असतो आणि त्याला हलवून जागे करायचे असते, असे या दोघांनाही वाटले. शिडीवरून पडलेल्या मुलाला हे शब्द शोभतात.

चांगल्या सवयींचे निराळे. तिथे जर्मन म्हणतो 'फ्योर्डर्न', म्हणजे पुढे सरकवणे. रशियन म्हणतो 'पाअश्र्यात'. या रशियन शब्दाला बक्षिसाचा वास आहे. कारखान्यात कोणी चांगले काम केले, त्याला मानपत्र द्यायचे, इनाम द्यायचे, तर त्यांच्या कामगार कायद्यात हाच शब्द येतो. "आणि मामा," ती म्हणाली, "हा शब्द निघाला कशापासून, ठाऊक आहे? 'ओस्त्री' म्हणजे धारदार. पाअश्र्यात म्हणजे मुळात धार लावणे."

हे ऐकून मी दचकलो. कारण आमचे उत्तेजन तरी दुसरे काय आहे? संस्कृतातला तिज् हा धातू. तिज् म्हणजे धार लावणे, तीक्ष्ण करणे. तेज त्यातूनच आले. मॉस्कोत आणि महाराष्ट्रात, एकमेकांना न विचारता, माणसाला उत्साह देण्यासाठी सहाणेचीच उपमा सुचली!

मग आम्हाला तो नादच लागला. मी कपाटातून कोश काढले, तिने आपला फोन काढला. इंग्रजीत दुष्कृत्याला प्रवृत्त करणे या अर्थी 'इन्स्टिगेट' असा शब्द आहे. लॅटिनमधल्या या शब्दाचे मूळ आणि आपल्या तिज् चे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे ग्रंथांना उत्तेजन देणारी मंडळी आणि दंग्याला चिथावणी देणारी मंडळी शब्दांच्या वंशावळीत चुलतभाऊ निघाली. इंग्रजीत कोणाला भर देणे याला 'एग ऑन' म्हणतात. मी मुलांना सांगत असे की याचा अंड्याशी काही संबंध असावा. मुलांनी क्षमा करावी. तो 'एग' जुन्या नॉर्स भाषेतला आहे आणि त्याचा संबंध 'एज' म्हणजे धारेशी आहे. चिथावणीला रशियनात 'पद्स्त्रेकात' म्हणतात; त्यात बैलाला टोचायची पराणी दडलेली आहे. आणि जर्मन 'अनश्पोर्नन' म्हणजे घोड्याच्या कुशीत टाच मारणे.

आमच्याकडे एकेकाळी उत्तेजन हा मोठा भारदस्त शब्द होता. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, ती चालवणाऱ्या सभेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. ग्रंथांसाठीही ग्रंथोत्तेजक संस्था होती. आज उत्तेजक म्हटले की वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धावपटूच्या लघवीची बाटली येते! शब्दांचेही दिवस फिरतात.

पण हसत असतानाच मला एक गोष्ट टोचू लागली होती. पात्याला धार लावतात ती पात्याच्या सुखासाठी नव्हे. पात्याला मूठ असते आणि ती मूठ कोणाच्या तरी हातात असते. ज्यांना ज्यांना मी उत्तेजन दिले, त्यांच्या वेळी मूठ कोणाच्या हातात होती?

एका मुलाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. गोष्ट १९९६ सालची. नार नदीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा तो मुलगा, कोकणा जमातीतला. बारावीला त्याला असे गुण मिळाले की आमच्या शाळेत तसे कोणालाच मिळालेले नव्हते. त्याने डी. एड. चा अर्ज भरला होता आणि त्याचा नंबरही लागला. त्या काळी आमच्या भागात डी. एड. झालेल्या आदिवासी मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेची नोकरी बहुतेक ठरलेलीच असे. पण त्याला इंजिनिअरिंगलाही प्रवेश मिळत होता, दूरच्या एका शहरात. त्याचा बाप चिखलाच्या पायांनी तसाच शेतातून उठून शाळेत आला. भाताची आवणी चालू होती. दारातच उभा राहून त्याने विचारले, "गुरुजी, मास्तरकी बरी, का ते दुसरं बरं?"

मुलगा बाजूला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला आज ते स्पष्ट आठवते. त्याला मास्तर व्हायचे होते. आपल्याच पाड्यावर, आपल्याच बोलीत पोरांना अक्षरे शिकवायची होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मुलगा हुशार आहे. त्याला मोठी उडी मारू द्या."

बापाने मान हलवली. गुरुजी म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. डी. एड. ची जागा सोडली.

दोन वर्षांनी तो परत आला. काय घडले त्याचे तपशील नेहमीचेच आहेत आणि कोणा एकाला दोष द्यावा असे नाहीत. शिष्यवृत्ती मिळे, पण उशिरा. इंग्रजी मीच शिकवले होते, पण ते सुरगाण्यापुरते पुरेसे होते. मुख्य म्हणजे सबंध वसतिगृहात त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलणारे कोणी नव्हते. पहिल्या वर्षाचे विषय राहिले, दुसऱ्या वर्षी आणखी राहिले. पत्रे मात्र मी नियमाने पाठवत असे. प्रत्येक पत्रात उत्तेजन! हरू नकोस, शाळेचे नाव राख, मागे फिरू नकोस. त्यातल्या 'मागे फिरू नकोस' या तीन शब्दांनी त्याची किमान सहा महिन्यांची परवड वाढवली असेल, असे मला आता वाटते. तोवर डी. एड. चे दार बंद झाले होते. मग दसऱ्यानंतर आमच्याकडून टोळ्या जातात तसा तोही दिंडोरीकडे द्राक्षबागांत जाऊ लागला. गोडी छाटणी, विरळणी, पुढे तोडणी.

पुढे बऱ्याच वर्षांनी वणीच्या स्टँडवर तो मला भेटला. हातात छाटणीची कात्री होती. मी टाळूनच जाणार होतो, त्यानेच पुढे होऊन पायांना हात लावला. चहा पाजला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. निघताना म्हणाला, "गुरुजी, तुम्ही धीर दिलात म्हणून तिथवर गेलो तरी."

हे वाक्य तो उपहासाने बोलला असता तर मला सोसले असते.

धीर! मराठीने या एका शब्दात केवढी शहाणीव भरून ठेवली आहे, पाहा. धीर म्हणजे धैर्य, आणि धीर म्हणजे थांबण्याची शक्तीही. 'धीर दे' आणि 'धीर धर' यांत शब्द एकच. इंग्रजीला यासाठी दोन शब्द लागतात. जर्मनालाही 'मूट' निराळा आणि सबुरीसाठी 'गेडुल्ट' निराळा. आमच्या भाषेत ज्याला धीर द्यायचा त्याला आधी भीती वाटत असली पाहिजे. भीती नसलेल्याला धीर देताच येत नाही. आणि धीर देणाऱ्याला घाई असून चालत नाही. त्या मुलाला भीती नव्हती आणि घाई मला होती. माझ्या शाळेतून एकही इंजिनिअर झालेला नव्हता. कार्यालयाच्या भिंतीवर त्याचा फोटो कुठे लागेल ती जागासुद्धा मी मनात धरून ठेवली होती. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, भाचीला त्या रात्री सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मामा, तुमचा हेतू काही वाईट नव्हता."

हेतूचा प्रश्न कायद्याने आपल्यापुरता सोडवला आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानात अपप्रेरणेची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीतही ती आहे. दुसऱ्याला गुन्हा करण्यास चिथावणारा स्वतः हात न लावताही दोषी ठरतो. पण दुसऱ्याला चांगले करण्यास चिथावणाऱ्याचे काय? त्याच्या बोलण्याने एखाद्याचे आयुष्य आडवाटेला लागले तर त्यासाठी कलम नाही, नसावेच. तसे कलम केले तर पहिल्याने सगळे शिक्षक आणि आईबाप तुरुंगात जातील. परंतु कलम नाही म्हणून हिशेबही नाही, असे मला म्हणवत नाही. धाडस त्याने करायचे, किंमत त्याने मोजायची आणि कौतुकात वाटा मात्र माझा, या व्यवहारात काहीतरी खोटे आहे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा नेहमी जमिनीवर उभा असतो.

यावर कोणी म्हणेल, मग उत्तेजन देणे बंदच करावे. मी तेही करून पाहिले. त्या मुलाच्या प्रकारानंतर काही वर्षे मी फार सावध मास्तर झालो. मुले काही विचारायला आली की म्हणे, "बघ बाबा, तुझे तू ठरव." यात मला मोठे न्यायीपण वाटे. एकदा एक मुलगी आली. तिला परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाशिकला जायचे होते. घरचे राजी नव्हते, ती स्वतः घाबरलेली होती. तिला धीर हवा होता, अगदी कोशातल्या अर्थाने धीर. मी म्हटले, "विचार कर, तिकडे सोपे नाही, तुझे तू ठरव." तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि तरीही मी पुढची वही तपासायला घेतली.

महाभारतात कर्णाच्या रथावर शल्य बसतो. तो शस्त्र उचलत नाही. नुसता बोलतो. युधिष्ठिराने त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलेले असते की ऐन वेळी कर्णाचा तेजोभंग करायचा. उत्तेजनाच्या नेमके उलट असे हे काम, आणि शब्दातले तेज तेच. शल्याला निदान कोणी सांगितले तरी होते! मी कोणीही न सांगता, केवळ आपल्या अंगाला काही लागू नये म्हणून, शल्य झालो.

मुलगी गेली नाशिकला, ती माझ्यामुळे नव्हे. तिला तिच्या आजीने पाठवले. म्हातारी तिच्याबरोबर पाड्यावरून स्टँडपर्यंत चालत आली होती, फडक्यात नागलीच्या भाकरी बांधून. मी योगायोगाने तिथे उभा होतो. गाडी लागली तेव्हा म्हातारी नातीला म्हणाली, "जा. नाही जमलं तर घर आहे."

सबंध भाषण एवढेच. मी त्या मुलाला जी पत्रे धाडली, त्यांतल्या एकातही हे वाक्य नव्हते. मागे फिरू नकोस, हेच मी त्याला लिहीत राहिलो. मला वाटे, परतीची वाट उघडी ठेवली की माणूस कच खातो. म्हातारीला ठाऊक होते की वाट उघडी असली की माणूस जास्त लांब जातो. ती मुलगी शिकली, नोकरीला लागली. यात आजीच्या वाक्याचा वाटा किती आणि मुलीच्या कष्टांचा किती, हे कोणी सांगावे? एक मात्र खरे की ती नापास होऊन परतली असती तरी म्हातारीचे वाक्य खोटे ठरले नसते. माझे ठरले.

रामायणात समुद्रकाठी सगळे वानर हताश बसलेले असताना जांबवान हनुमंताला त्याच्या बळाची आठवण देतो. आपल्याकडे उत्तेजनाचा हा नमुनाच मानला आहे. मीही 'मोठी उडी' हा शब्द तिथूनच उचलला असावा. पण वाल्मीकींनी पुढे एक बारीकशी गोष्ट सांगितली आहे, ती वर्गात शिकवताना माझ्या नजरेतून सुटली होती. जांबवान हनुमंताला म्हणतो, तू परत येईपर्यंत आम्ही इथे एका पायावर उभे राहू. आमचे सर्वांचे प्राण तुझ्यावर अवलंबून आहेत. नुसते 'जा' म्हणून तो मोकळा होत नाही. उडी हनुमंताची, पण किनाऱ्यावरच्यांचा पायही अवघडलेला आहे. मी पत्रे टाकून सुखाने दोन पायांवर हिंडत होतो. दोन वर्षांत एकदाही त्या शहराची गाडी पकडून त्याला पाहायला गेलो नाही. भाडे काही फार नव्हते.

"मग माझ्या चोपडीचे काय करू?" भाचीने विचारले. रात्र बरीच झाली होती.

आम्ही कंदील जवळ ओढला आणि एकेक वाक्य घेतले. शिडीवरून पडलेल्या मुलासाठी जर्मनात 'एर्मूटिगन', रशियनात 'अबद्र्यात'. सवयींसाठी 'फ्योर्डर्न' आणि 'पाअश्र्यात'. ढकलाढकलीच्या वाक्यात तिने दोन्ही भाषांत सरळ लिहिले की आईबापांनी ती चालू देऊ नये. क्रियापद अजिबात गाळले. मालक भांडतील, पण ती बधणार नाही असे दिसले. एक वाक्य अडून राहिले. मूल वरच्या पायरीवर थांबून खाली पाहत असेल, तर त्याला उडी मारण्यास एन्करेज करावे, असे ते होते. मी म्हटले, हे मूल घाबरले आहे की विचार करते आहे, ते आधी ठरव. ती म्हणाली, इंग्रजीत ते लिहिलेले नाही. अजून ती जागा कोरीच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. वणीला भेटलेला तोच. आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला आहे. मुलगी बारावीला आहे म्हणाला. तिला डॉक्टर व्हायचे आहे की तिच्या मास्तरांना तिने डॉक्टर व्हावेसे वाटते, हे त्याला नीट कळत नाही. "तुमच्याकडे पाठवतो, गुरुजी. पाडव्याला. तुम्ही तिला दोन शब्द सांगा."

मी त्याला म्हटले, "तूही ये बरोबर."

"माझं काय काम?" तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

"नाही, ये," मी म्हटले. "मला तुझ्यासमोर बोलायचे आहे."

पाडव्याला सकाळची गाडी साडेदहाला येते. भाचीने चकल्यांचा डबा भरून ठेवला आहे, आणि मी मघापासून दोनदा स्टँडपर्यंत जाऊन आलो.